वाऱ्याकडे पाठ

“थांब,” प्रभुणे मॅडम म्हणाल्या. “हे तुला माहीत नाही असं नाही. हे जगात कुणालाच माहीत नाही. मी विचारलं होतं ते वेगळं.”

मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होते. समोर दहा संशोधक विद्यार्थी बसले होते. त्यातल्या कुणीतरी हसू दाबलं. तो बहुतेक इम्रान मुजावर असावा. तो मातीतल्या जिवाणूंवर काम करायचा, आणि आदल्या दिवशी मॅडमनी त्यालाही असंच पकडलं होतं.

आमच्या विद्यापीठाने त्या वर्षी ठरवलं होतं, की पीएचडी करणाऱ्यांना आपलं काम बाहेरच्या माणसांना सांगता आलं पाहिजे. त्यासाठी पाच दिवसांची कार्यशाळा होती. प्रभुणे मॅडमनी बावीस वर्षं एका जिल्हा संग्रहालयात लोकांना वस्तू दाखवल्या होत्या. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि हे त्या पहिल्याच वाक्यात सांगायच्या. त्यांचे नियम तीन. दहा मिनिटं बोलायचं, पडद्यावर काही दाखवायचं नाही. ज्यांच्या जागेतून नमुना उचललात त्यांच्याच समोर जाऊन बोलायचं. आणि शेवटची दोन मिनिटं, तुम्हाला स्वतःला जे कळलं नाही किंवा तुमचं जे चुकलं, ते सांगायचं.

तिसऱ्या नियमावर आम्ही सगळेच अडत होतो. मी सांगितलं होतं, की पृथ्वीचं चुंबकत्व उलटं व्हायला नेमका किती काळ लागतो हे अजून समजलेलं नाही.

“ते शास्त्राचं झालं. तुझं सांग,” मॅडम म्हणाल्या. “तुझं काय चुकलंय, पल्लवी?”

“काही नाही.”

“बरं. उद्या सकाळी आठला जीप निघेल. तुझी खाण पहिली.”

माझं चुकलं होतं. ते माझे मार्गदर्शक श्रीखंडे सर यांनाही मी तीन आठवडे सांगितलं नव्हतं.

माझा विषय दगडांतलं चुंबकत्व. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो थंड होत असताना त्यातल्या लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे वळले आणि तसेच थिजले. म्हणजे प्रत्येक दगडात एक जुनी सुई आहे. आता गंमत अशी, की पृथ्वीचा चुंबक अधूनमधून उलटा होतो, उत्तरेची दक्षिण होते. आमच्या भागात खालच्या थरांतली सुई एकीकडे बघते आणि वरच्या थरांतली बरोबर उलटीकडे. या दोहोंच्या मधे, चिंचसोंडीच्या खाणीत, मला पुरुषभर जाडीचा एक थर मिळाला होता. तो थिजला तेव्हा पृथ्वीची सुई मधेच कुठेतरी होती. इकडेही नाही, तिकडेही नाही. ती कुठे बघत होती, हा माझा प्रबंध होता.

ते मोजायचं तर दगड जमिनीत असताना कुठल्या दिशेला होता हे कळायलाच हवं. म्हणून आम्ही कातळात यंत्राने बोटभर जाडीच्या कांड्या कापतो, आणि ती कांडी बाहेर काढण्याआधी तिच्यावर बाण काढतो. काळ्या कातळाजवळ होकायंत्र चुकतं म्हणून बाणाची दिशा सूर्याच्या सावलीवरून, घड्याळ लावून मोजतो. फेब्रुवारीत मी त्या थरातून एकतीस कांड्या काढल्या. प्रत्येकीवर बाण काढला, प्रत्येकीचा कोन वहीत लिहिला. बाण पितळी तारेने कोरायचा असतो. मी पक्क्या शाईच्या पेनने काढला, कारण रेघ सुबक येते.

मेमध्ये चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर माझा नंबर लागला. त्याआधी कांड्यांवर बोटांचं तेल, धूळ काही राहू नये म्हणून मी त्या एका संध्याकाळी ॲसिटोनमध्ये घालून स्वच्छ धुतल्या. टिपकागदावर ओळीने मांडल्या. एकतीस चकचकीत काळ्या कांड्या. वहीत आकडे होते, दगडावर बाण नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खाणीवर पळाले. मुकादम म्हणाला, “तो थर? तो गेला की ताई. सगळं क्रशरला.” मी उलट पावली परत आले. कार्यशाळेच्या वेळी सहामाही आढावा बारा दिवसांवर आला होता आणि त्यात मला त्या थराची दिशा मांडायची होती. ती नसेल तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्षही नाही. बाण नसलेल्या कांड्यांबद्दल श्रीखंडे सर नव्या विद्यार्थ्यांना नेहमी एकच वाक्य सांगत, “त्यांचा टेबलावर कागद दाबायला उपयोग होतो.”

सकाळी जीपमध्ये इम्रान माझ्या शेजारी होता. प्रत्येक बोलणाऱ्याबरोबर एक टिपणारा जायचा. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही, ऐकणाऱ्यांकडे बघायचं आणि मिनिटागणिक लिहायचं, असं त्याचं काम.

“नरवडे, झोप झाली नाही का?” त्याने विचारलं.

“झाली.”

“खोटं. लिहून ठेवतो. मिनिट शून्य, वक्ता खोटं बोलला.”

खाण एका उघड्या माळावर आहे. पश्चिमेला डोंगराची सलग भिंत आणि त्या भिंतीत एकच खिंड. खाणीच्या अलीकडे पत्र्याच्या सात-आठ झोपड्या होत्या. मी या खाणीवर चारदा आले होते, पण झोपड्यांपर्यंत कधी गेले नव्हते. माझा रस्ता खाणीच्या दुसऱ्या बाजूने जायचा.

तिथे विटकरांची दोन-तीन कुटुंबं राहत. वडार समाजाची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी. क्रशर आल्यापासून त्यांचं बरंचसं काम गेलं होतं. पाटे-वरवंटे, उखळं, जाती घडवणं मात्र चालू होतं. पाच-सहा बायका आणि तीन पुरुष दगडांशी बसून छिन्नी चालवत होते. मॅडमनी आदल्या दिवशी येऊन परवानगी घेतली होती. परवानगीचा अर्थ त्यांनी असा लावला होता, की आम्ही बोलावं आणि त्यांनी काम थांबवू नये.

मी सुरुवात केली. “नमस्कार. आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा चुंबक आहे, अशी कल्पना करा.”

ठक, ठक, ठक.

“जसा आपल्या घरात चुंबक असतो...”

“आमच्यात न्हाई चुंबक,” एक तरुण बाई मान वर न करता म्हणाली. तिचं नाव सुंदरा. “टीव्हीवाल्याकडं असंल.”

बायका हसल्या. मी घोटलेली वाक्यं पुढे रेटत राहिले. लाव्हा, कोट्यवधी वर्षं, खनिजांचे कण. एक शेळी येऊन माझ्या पिशवीत तोंड घालू लागली. इम्रानने काहीतरी लिहिलं. नंतर मी त्याची वही पाहिली. तिथे होतं, “मिनिट चार. सगळे शेळीकडे. शेळी जिंकली.”

मग मॅडमनी शिकवलेलं एकही वाक्य आठवेना आणि मी सरळ खाली बसले. पिशवीतून होकायंत्र काढलं आणि समोर पडलेल्या एका दगडावर ठेवलं.

“ही सुई बघा. ही उत्तर. आता मी ही दगडावरून पुढे सरकवते. तुम्ही फक्त बघा.”

सुई थरथरली. मग दगडाच्या कोपऱ्याशी येताच तिने हळूच मान फिरवली, चांगली दोन बोटं. मी मागे घेतली, ती परत उत्तरेला आली. पुढे नेली, पुन्हा फिरली.

ठकठक थांबली. आधी एकीची, मग दुसरीची. मग सगळीच.

“दगडात लोखंड हाय व्हय?” एका पुरुषाने विचारलं.

“थोडं आहे. पण नुसतं लोखंड असतं तर दगड उलटा करून ठेवला तरी सुई तशीच वागली असती. फिरवा बरं हा दगड.”

त्याने तो दोन्ही हातांनी उचलून फिरवला. सुई या वेळी उलट्या बाजूला वळली. सुंदराच्या तोंडून “आगं बया!” निघालं.

“दगडाला स्वतःची दिशा आहे,” मी म्हणाले. “तो पातळ होता, वाहत होता. तेव्हा माणूस नव्हता, गाय नव्हती, हा डोंगरसुद्धा नव्हता. तो थिजला त्या घडीला उत्तर जिकडे होती ती त्याने आत धरून ठेवली. तुम्ही त्याला फोडलं, पाटा केला, पाटा पुण्याला गेला, तरी ती त्याच्या आत तशीच आहे.”

मग झोपडीच्या पत्र्याला टेकून बसलेली एक म्हातारी हात पुसत पुढे आली. तिचे हात कोपरापर्यंत दगडाच्या पिठाने पांढरे होते. तिने होकायंत्र स्वतःच्या हाताने दगडावर सरकवलं. एकदा नव्हे, पाचसहादा. मग आपल्या अर्ध्या घडलेल्या पाट्यावर, मग सुंदराच्या वरवंट्यावर.

“येवढी वर्सं ह्याच्यावर बसले,” ती म्हणाली, “अन्‌ ह्यो आत बघतोय हे ठावंच न्हाई.”

ही नरसव्वा विटकर. सुंदराची सासू.

मॅडमनी घड्याळाकडे बोट केलं. शेवटची दोन मिनिटं. मी चुंबक उलटा व्हायला लागणाऱ्या काळाचं वाक्य तयार ठेवलं होतं. पण नरसव्वा माझ्यासमोर उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर आणि डोळे माझ्या तोंडावर. तिला ते वाक्य सांगणं मला जमेना.

“माझी एक चूक झाली आहे,” मी म्हणाले. “ह्याच खाणीतून मी दगडाच्या कांड्या काढल्या होत्या. दगड कुठे तोंड करून होता ते कळावं म्हणून त्यांच्यावर बाण काढले होते. आणि नंतर मी त्या धुतल्या. बाण पुसले गेले.”

“धुतल्या?” सुंदरा म्हणाली. “दगड धुतला?”

“हो.”

“कशाला वो?”

“स्वच्छ करायला.”

हशाचा लोट आला. एक बाई डोळ्याला पदर लावून हसत होती. “शाळा शिकून दगड धुती! आमच्या बाबूला आंघोळ कर म्हणलं तर करीत न्हाई, अन्‌ हितं दगडाला न्हाऊ घालत्यात!” बाबू म्हणजे तो दगड उचलणारा पुरुष, नरसव्वाचा मुलगा. तोही हसत होता. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता माझा आवाज फाटला. तो थर आता उरला नाही, सगळा क्रशरला गेला, त्यामुळे मला आता ती दिशा कधीच कळणार नाही, एवढं कसंबसं म्हणून मी थांबले. मी हे मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. इम्रानने लिहायचं थांबवलं होतं.

नरसव्वा एकटी हसली नव्हती.

“कंचा थर?” तिने विचारलं.

“वरून तिसरा. लाल मातीच्या पट्ट्याखालचा.”

“बारीक दाण्याचा? छिन्नी लावली की कास्यावानी वाजतो त्यो?”

तो वाजतो हे मला माहीत नव्हतं. पण दाणा बारीक होता, माझ्या सूक्ष्मदर्शकाखालीही.

“त्यो क्रशरला कशाला जाईल?” ती म्हणाली. “त्यो पाट्याचा दगड. मालकाला म्हणलं, सुरुंग लावू नगा, तडा जातो, आमी हातानं काढतो. चैत-वैशाखात काढला.” ती उठली. “ये.”

झोपड्यांच्या मागे, गोणपाटाखाली, आठ दगड रचून ठेवले होते. प्रत्येक हातभर लांब. एका कडेला पाचर ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांचे अर्ध्या अर्ध्या पन्हळी ओळीने दिसत होत्या.

थर मिळाला होता, दिशा नाही. वरची बाजू भोकांवरून कळत होती. पण तो दगड कातळात असताना पूर्वेकडे होता की दक्षिणेकडे, हे आता कोण सांगणार? मी तसं म्हणाले.

नरसव्वा पहिल्या दगडापाशी बसली. तिने अंगठा एका पन्हळीत घातला आणि वरून खाली फिरवला.

“हे बग. भोक सरळ न्हाई. माणूस छिन्नी धरतो ती उरावर कलती धरतो. वरलं टोक आपल्याकडं, खालचं टोक म्होरं. म्हंजे फोडणारा ह्या अंगाला बसला हुता.”

“बरोबर. पण तो कुठल्या दिशेला बसला होता, हे...”

“कुठल्या म्हंजे? वाऱ्याकडं पाठ करून.”

“वाऱ्याकडं तोंड करून कोण बसंल?” सुंदरा मागून म्हणाली. “कपची डोळ्यात जाती. भुगा नाकात.”

“अन्‌ चैत्र-वैशाखात वारा कुठून येतो?” मी विचारलं.

नरसव्वाने न वळता हात मागे केला. तिचं बोट बरोबर डोंगराच्या भिंतीतल्या त्या एकाच फटीवर होतं.

“खिंडीतनं. दुसरीकडनं यायला त्याला वाट हाय का?”

खिंड जागेवर होती. खाण जागेवर होती. थर होता ती जागा खडूने दाखवावी इतकी मला पाठ होती. त्या जागेपासून खिंडीची दिशा मी आता, याच क्षणी, अर्ध्या अंशापर्यंत मोजू शकत होते. दगडांवर बाण होते. दर दगडावर आठ-दहा, ओळीने, छिन्नीने कोरलेले. ॲसिटोनने न जाणारे.

आम्ही एकेक दगड बघत गेलो. नरसव्वा पन्हळीत अंगठा फिरवी आणि बोले. “हे बाबूचं. त्याचा घाव डावीकडं वळतो.” “हे माझं.” “हे बी माझं, छिन्नी बोथट हुती.” इम्रान माझ्या वहीत लिहीत होता, मी तारेने बाण कोरत होते. बाबू दगड उचलून द्यायचा. दर दगडापाशी मी विचारायचे, “पाठ खिंडीकडे?” आणि ती म्हणायची, “व्हय.”

पाचव्या दगडापाशी ती थांबली. अंगठा दोनदा फिरवला.

“ह्यो न्हाई.”

“तुमचा नाही?”

“आमचाच. पर ह्याचं सांगता यायचं न्हाई.” तिने ओळीतली भोकं दाखवली. “निम्मी बाबूची, निम्मी माझी. त्या दिशी वारा पडला हुता. पान हालत नव्हतं. म्हणून तर ह्याच्या डोळ्यात कपची गेली. ह्याला घेऊन दवाखान्यात गेले, आल्यावर म्या पुरं केलं. वारा नसला की माणूस कुठं बी बसतो. सावली बघून बसतो, बोलायला कोण हाय ते बघून बसतो.”

“पण बहुतेक खिंडीकडेच पाठ असेल ना? सवयीने?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला माझा प्रश्न परत घ्यावासा वाटला.

“असंल,” ती म्हणाली. “नसंल. मला ठावं न्हाई.”

मी पाचव्या दगडावर खिंडीचाच बाण कोरला आणि वहीत शेजारी लिहिलं, ‘माहिती नाही.’

परतताना जीपमध्ये प्रभुणे मॅडम पुढे बसल्या होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, “तुझ्या सरांना कधी सांगणार आहेस?”

“आजच.”

श्रीखंडे सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ॲसिटोनपाशी त्यांनी डोळे मिटले. खिंडीपाशी उघडले.

“वारा,” ते म्हणाले. “म्हणजे तू मला सांगतेस की आपण दिशा वाऱ्यावरून घ्यायची.”

“वाऱ्यावरून नाही सर. माणसाच्या पाठीवरून.”

“आणखी छान.” त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. “आढाव्याला मी महिनाभराची मुदत मागून घेतो. पण एक अट. आठही दगड मोजायचे. आठही मांडायचे. एकही गाळायचा नाही. आणि ज्याच्याबद्दल त्या बाईंनी माहीत नाही म्हटलं, तो कुठला, हे मला सांगायचं नाही. बिंदू मी मांडणार.”

मोजायला तीन आठवडे लागले. दगडातून कांड्या कापायच्या, टप्प्याटप्प्याने तापवायच्या म्हणजे नंतर साचलेलं चुंबकत्व निघून जातं आणि मूळचं तेवढं उरतं. मग यंत्रात फिरवून दिशा घ्यायची. मी आकडे कागदावर उतरवले, एक ते आठ, आणि न बघता सरांच्या हातात दिले. न बघता हे खरं नाही. मी बघितले होते, पण आकड्यांवरून दिशा डोळ्यांपुढे येत नाही. ती गोल आलेखावर मांडावी लागते.

सरांनी संगणक लावला नाही. वर्तुळाचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि एकेक बिंदू हाताने मांडू लागले. पहिला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा दोघांच्या मधे. चौथा. पाचवा मांडताना त्यांचा हात कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. सहावा परत पहिल्यांपाशी. सातवा. आठवा.

सात बिंदू इतके जवळ होते, की एका बोटाच्या पेराखाली झाकले गेले असते.

“पाच नंबर बाहेर आहे,” ते म्हणाले. “सत्तर अंशांनी. काहीतरी गडबड.” मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

मी वही उघडून पाचव्या दगडाची ओळ त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी नवा कागद घेतला आणि आठही बिंदू पहिल्यापासून पुन्हा मांडले. पुन्हा तेच आलं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. सर छप्पन्न वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात काही हजार दगडांच्या दिशा मोजल्या होत्या.

“पल्लवी,” ते शेवटी म्हणाले, “सात जुळले याचं मला एवढं नाही. योगायोगाने जुळत नाहीत, पण सवयीने जुळू शकतात. हा पाचवा.” त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या एकट्या बिंदूशेजारी धरलं. “त्यांना आपल्या माहितीची कड कुठे आहे हे इतकं नेमकं माहीत होतं.”

सप्टेंबरात मी चिंचसोंडीला गेले. एकटीच, बसने. माळ हिरवा झाला होता. नरसव्वा पाट्याला टाकी लावत होती. मी तिला सांगितलं, की सात दगडांची दिशा जुळली आणि पाचव्याची जुळली नाही.

“न्हाई म्हणलं हुतं की म्या,” ती म्हणाली आणि टाकी लावत राहिली. तिला यात नवल करण्यासारखं काही वाटलं नाही.

सुंदराने चहा आणला. बाबू आला, शेजारच्या दोन बायका आल्या. मी आढाव्याचं सांगितलं, प्रबंध आता पुरा होणार हेही सांगितलं. दिशा कशी मिळाली या रकान्यात पूर्ण नाव लिहायचं आहे म्हणून ते नीट विचारून घेतलं. नरसव्वा यल्लप्पा विटकर. मी लिहिलं ते बाबूने वाचून दाखवलं.

“मग?” नरसव्वाने विचारलं.

“मग काय?”

“येवढं केलंस, अन्‌ त्येच सांगितलं न्हाईस. दगड बघत कुठं हुता?”

मी उठले. होकायंत्र काढलं, खाणीच्या कडेला जाऊन कोन लावला आणि हात लांब केला. खिंडीच्या डाव्या अंगाला, नैऋत्येच्याही जरा पश्चिमेला, आणि जवळजवळ जमिनीच्या पातळीत. “तिकडे.”

नरसव्वा गुडघ्यांवर हात देत उभी राहिली. पदराने तोंडावरचा भुगा पुसला. मग माझ्या हाताच्या रेषेत येऊन, खांद्याला खांदा लावून, तिकडे बघू लागली. सुंदराही उठली. बाबू आणि त्या दोन बायकासुद्धा. आम्ही सहाजण ओळीने उभे होतो. समोर डोंगराचा उघडा उतार होता, विजेचा एक खांब होता आणि त्यामागे आभाळ.

“तितं काय हाय?” सुंदराने हळूच विचारलं.

“आता काहीच नाही,” मी म्हणाले.

नरसव्वाने नजर हलवली नाही.

“तवा हुतं,” ती म्हणाली.